क्युव्हेटमध्ये बीड फिरवली की ४०५ ला रीडिंग डोलतं, आणि डायक्रोमेट ३१३ ला फेल

रसायनी

मंडळी, दोन अडचणी एकाच आठवड्यात आल्या आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही ते कळत नाही, म्हणून दोन्ही इथेच मांडतो.

मशीन डबल बीम यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते, म्हणजे ॲब्सॉर्बन्स, मोजणारं), झेनॉन फ्लॅश लॅम्पवालं. त्यात एका क्युव्हेटचा (नमुन्याच्या चौकोनी पारदर्शक नळीचा) पेल्टियर, म्हणजे विजेवर तापमान राखणारा होल्डर आणि त्याच्या तळाशी मॅग्नेटिक स्टरर. १० मिमीची क्वार्ट्झ क्युव्हेट, आत २.५ मिली. काम अल्कलाइन फॉस्फटेजच्या गतिकीचं: पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट, पीएच ९.८, ३७ अंश, ४०५ नॅनोमीटर, दर सेकंदाला एक रीडिंग, ॲव्हरेजिंग जवळजवळ नाहीच. ढवळायची मॅग्नेटिक बीड टेफ्लॉनची, फुलीच्या आकाराची, चार पात्यांची.

पहिली अडचण. एन्झाइम घालायच्या आधीच, नुसत्या बफरवर, स्टरर ६०० आरपीएमला लावला की बेसलाइन ±०.००४ ने वरखाली होते. हा नेहमीचा नॉइज नाही, साधारण ५ सेकंदांची नियमित लाट आहे. स्टरर बंद केला की लाट थांबते. पण बंद ठेवला तर एन्झाइम नीट मिसळत नाही आणि पहिल्या मिनिटाचा उतार (ॲब्सॉर्बन्स वाढण्याचा वेग) वापरता येत नाही. चालू ठेवला तरी एकाच नमुन्याच्या सहा रनमध्ये उतारात ७ टक्क्यांपर्यंत फरक पडतो.

दुसरी अडचण, मशीनचं ॲब्सॉर्बन्स बरोबर आहे का त्या तपासणीतली. पोटॅशियम डायक्रोमेट ५९.८ मिग्रॅ, १३० अंशाला स्थिर वजनापर्यंत सुकवलेलं, ०.००५ मोलर सल्फ्युरिक आम्लात १ लिटर. रीडिंग असं आलं ('म्हणजे'पुढचा आकडा १ टक्का द्रावणाच्या हिशेबाने):

२३५ ला ०.७५४, म्हणजे १२६.१ (मर्यादा १२२.९ ते १२६.२)
२५७ ला ०.८७१, म्हणजे १४५.७ (मर्यादा १४२.४ ते १४५.७)
३१३ ला ०.३०२, म्हणजे ५०.५ (मर्यादा ४७.० ते ५०.३)
३५० ला ०.६४७, म्हणजे १०८.२ (मर्यादा १०४.९ ते १०८.२)

तीन काठावर पास, ३१३ फेल. द्रावण जास्त तीव्र झालं असावं असं धरून दुसऱ्यांदा वजन करून बनवलं, तरी तेच. आता दिवा बदलायचा, इंजिनिअरला बोलवायचं, की आणखी काही बघायचं?

तरंग_५४६

इंजिनिअरला थांबवा. दोन्ही अडचणींचं मूळ एकच दिसतंय.

आधी डायक्रोमेटचे आकडे नीट बघू. टक्क्यांत बघितलं तर मर्यादेच्या मध्यापासून २३५ ला १.३, २५७ ला १.२, ३५० ला १.५ आणि ३१३ ला ३.९ टक्के जास्त. द्रावण तीव्र असतं तर चारही ठिकाणी टक्केवारी सारखी वाढली असती, कारण तीव्रता सगळ्या तरंगलांबींना एकाच पटीने वाढवते. पाथ लेंग्थचंही, म्हणजे द्रावणातून जाणाऱ्या प्रकाशाच्या वाटेच्या लांबीचंही, तसंच. म्हणून वजन पुन्हा करून काही बदललं नाही.

आता तेच आकडे ॲब्सॉर्बन्सच्या फरकात मांडा. तुमच्या तीव्रतेला अपेक्षित होतं २३५ ला ०.७४४५, २५७ ला ०.८६१, ३१३ ला ०.२९०६, ३५० ला ०.६३७५. प्रत्यक्षातला फरक अनुक्रमे ०.०१०, ०.०१०, ०.०११, ०.०१०. चारही ठिकाणी जवळपास तोच. म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला साधारण ०.०१ ची सरसकट भर पडते आहे. ३१३ हा डायक्रोमेटच्या आलेखातला खड्डा, तिथे ॲब्सॉर्बन्स सगळ्यात कमी. म्हणून तीच भर तिथे टक्क्यांत सगळ्यात मोठी दिसते आणि फेल तिथे होतं. रंगाशी, म्हणजे तरंगलांबीशी, संबंध नसलेली भर फक्त प्रकाशाची वाट अडल्याने येते: क्युव्हेटवर बोटाचा ठसा, ब्लँक (तुलनेचं डायक्रोमेटशिवायचं द्रावण) आणि नमुना वेगवेगळ्या क्युव्हेटमध्ये, क्युव्हेट उलटी बसवलेली, किंवा काहीतरी बीमच्या कडेला आलेलं. ०.०१ म्हणजे सुमारे २.३ टक्के प्रकाश अडला.

फरकाची तऱ्हा बघून दोष ओळखायची सवय लावून घ्या, फार वेळ वाचतो:

चारही ठिकाणी टक्केवारी सारखी चुकते: वजन, फ्लास्क, ओलावा किंवा पाथ लेंग्थ.

चारही ठिकाणी ॲब्सॉर्बन्सचा फरक सारखा: क्युव्हेट, ब्लँक, बीमची वाट.

जिथे ॲब्सॉर्बन्स जास्त तिथेच रीडिंग कमी पडतं: स्ट्रे लाइट (भलत्या तरंगलांबीचा चुकार प्रकाश) किंवा डिटेक्टरची रेषीयता. पोटॅशियम क्लोराइडचं १.२ टक्के द्रावण पाण्याविरुद्ध २०० ला २ पेक्षा जास्त येतंय का ते पाहा.

३१३ कमी आणि ३५० जास्त: आम्ल विसरलं किंवा फार पातळ झालं. डायक्रोमेटचा काही भाग क्रोमेट झाला की त्याचं शिखर ३७२ च्या आसपास उभं राहतं आणि ३५० ला ओढून वर नेतं. ३०० ते ४२० स्कॅन घेतला की लगेच दिसतं.

तरंगलांबी एक नॅनोमीटर सरकली तर डायक्रोमेटवर फारसं काही दिसत नाही, कारण २३५ व ३१३ हे तळ आणि २५७ व ३५० ही शिखरं, चारही ठिकाणी आलेख आडवा. तरंगलांबीसाठी होल्मियमची (ठरलेल्या जागी टोकदार शिखरं देणाऱ्या मूलद्रव्याची) तपासणी वेगळी करावीच लागते.

आता लाट. झेनॉन फ्लॅश लॅम्पचा प्रकाश सलग नसतो, क्षणाचा असतो. ट्यूबलाइटखाली पंखा कधी थांबल्यासारखा, कधी उलटा फिरल्यासारखा दिसतो ना, तसंच इथे घडतंय. चार पात्यांची बीड ६०० ला फिरते म्हणजे सेकंदाला १० फेऱ्या आणि बीमच्या कडेशी ४० वेळा पातं. खरा वेग ६०० ऐवजी ६०३ असला तर पातं ४०.२ वेळा येईल. सेकंदाला एक रीडिंग घेणाऱ्याला त्यातलं फक्त ०.२ उरलेलं दिसेल, म्हणजे ५ सेकंदांची लाट. बीड बीमला शिवत नसेल तर ही लाट यायला जागाच नाही.

पडताळणी सोपी. स्टररचा वेग १० आरपीएमने बदला. लाटेचा कालावधी बदलला की बीड बीममध्ये आहे हे नक्की. बेसलाइन मंदपणे चढत-उतरत असेल आणि वेग बदलूनही कालावधी तोच राहिला, तर पेल्टियरच्या तापमान नियंत्रणाकडे बघा.

आणि एक विचारतो: डायक्रोमेट घेताना बीड क्युव्हेटमध्येच होती का? आणि ब्लँक कशात घेतला?

रसायनी

हो, डायक्रोमेट घेताना बीड आतच होती, फक्त स्टरर बंद. ब्लँक त्याच जोडीतल्या दुसऱ्या क्युव्हेटमध्ये बीडशिवाय घेतला होता. त्याने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

वेग ६१० केला तर लाट दोन सेकंदांच्या आसपास, दातेरी दिसायला लागली. ६०० ला परत ५ सेकंद.

तरंग_५४६

मग शंका उरली नाही. आता झेड उंची मोजा. झेड उंची म्हणजे क्युव्हेटच्या बाहेरच्या तळापासून बीमच्या मध्यापर्यंतचं अंतर. ८.५, १५ आणि २० मिमी ही नेहमीची मापं. मशीनच्या कागदपत्रांत असते, पण होल्डर नंतर बसवला असेल तर कागदावर विसंबू नका. पांढऱ्या कार्डाची क्युव्हेटच्या रुंदीची पट्टी कापा, होल्डरमध्ये उभी सरकवा, तरंगलांबी ५५० ला लावा, खोलीतला दिवा बंद करा आणि पट्टीवर हिरव्या ठिपक्याच्या वरच्या-खालच्या कडेला पेन्सिलने खूण करा. फ्लॅश लॅम्पमध्ये ठिपका लुकलुकतो, थोडा धीर धरावा लागतो. मग पट्टी काढून मोजपट्टीने मोजा.

ठिपक्याच्या खालच्या कडेच्या उंचीतून क्युव्हेटच्या तळाच्या काचेची जाडी वजा करा, साधारण १.२५ ते १.५ मिमी. जे उरतं तेवढीच बीडला उभी राहायला जागा. तीतही निदान १ मिमी मोकळं सोडा, कारण बीड फिरताना किंचित उचलली जाते.

रसायनी

मोजलं. झेड ८.५ मिमी. ठिपका ३ मिमी उंच, म्हणजे खालची कड तळापासून ७ मिमीवर. क्युव्हेटचा तळ १.५ मिमी. बीडची पाती धरून उंची ६ मिमी, म्हणजे वरचं टोक ७.५ वर. अर्धा मिमी बीममध्ये घुसत होती. बंद असताना पातं कुठल्या कोनात थांबेल त्यावर भर कमी-जास्त होत असणार.

बीड काढून, ब्लँक आणि नमुना दोन्ही एकाच क्युव्हेटमध्ये घेऊन डायक्रोमेट केलं: ३१३ ला ०.२९१, म्हणजे ४८.७. बाकी तिन्हीही मर्यादेच्या मध्याजवळ आले.

आता बीड कुठली घेऊ?

मापक

तुमच्या झेड ८.५ ला फुलीची बीड बसणार नाही. ती झेड १५ साठी उत्तम, कारण पाती पाण्याला वर ढकलतात आणि वरचं-खालचं थर पटकन एक होतं. तुम्ही २ मिमी जाडीची, ७ मिमी लांबीची साधी दंडगोल बीड घ्या. तिचं वरचं टोक बाहेरच्या तळापासून ३.५ मिमीवर येईल, बीमच्या खाली साडेतीन मिमी मोकळी जागा. क्युव्हेट आतून १० बाय १० मिमी असते, म्हणून ८ मिमीपेक्षा लांब बीड नको. दोन्ही बाजूंना एकेक मिमी तरी हवा, नाहीतर ती भिंतींना घासत फिरते, टेफ्लॉनची पूड सुटते आणि २५० च्या खाली विखुरण्याने बेसलाइन हळूहळू चढते.

दंडगोल बीडचा तोटा एकच: ती खालचं पाणी गोल फिरवते, वरचं पटकन ओढत नाही. २.५ मिली म्हणजे २५ मिमी उंच स्तंभ. झेड ८.५ ला बीम आतल्या तळापासून ७ मिमीवरच आहे, मग एवढं पाणी हवं कशाला? १.५ मिली घ्या. १५ मिमीचा स्तंभ होतो, बीमवर पुरेसं पाणी राहतं आणि मिसळणं फार सुधारतं. एन्झाइम आणि सबस्ट्रेट मात्र त्याच प्रमाणात कमी करा, तीव्रता बदलू देऊ नका.

वेग ठरवण्यासाठी अंदाज लावू नका, चाचणी घ्या. क्युव्हेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, स्टरर चालू, ४०५ ला जेवढं जलद रीडिंग घेता येईल तेवढं. त्यात १० मायक्रोलिटर पॅरा-नायट्रोफिनॉल सोडा. १.५ मिलीत सुमारे ५ मिलिमोलरचं स्टॉक असेल तर अखेर ॲब्सॉर्बन्स ०.६ च्या आसपास यावा, कारण अल्कलीत ४०५ ला त्याचा मोलर गुणांक साधारण १८,००० आहे. थेंब पडल्यापासून रीडिंग सपाट व्हायला लागलेला वेळ म्हणजे तुमचा मिसळण्याचा वेळ. ३००, ५००, ७००, ९०० अशा वेगांना प्रत्येकी पाच वेळा करा. जिथे वेग वाढवूनही वेळ कमी होत नाही, त्याच्या किंचित वरचा वेग ठेवा. त्याहून जास्त पळवण्यात फायदा नाही: भोवरा बीमपर्यंत उतरतो, बुडबुडे येतात, आणि एका मर्यादेनंतर बीड खालच्या चुंबकाची साथ सोडून जागच्या जागी थरथरते. बाहेरून स्टरर चालू, आतून मिसळणं शून्य. डिस्प्लेवरचा आरपीएम मोटरचा असतो, बीडचा नाही.

याच चाचणीत दर वेगाला दोन मिनिटांची बेसलाइनही घ्या, स्टरर चालू आणि बंद. चालू असतानाचा नॉइज बंदच्या दुप्पट झाला की त्या वेगाला काहीतरी बीममध्ये येतंय असं धरा.

मापक

उतारातल्या ७ टक्क्यांबद्दल वेगळं लिहितो, कारण तो सगळा बीडचा दोष नाही.

सगळ्यात आधी तापमान. पेल्टियरच्या पडद्यावर ३७ दिसतं ते धातूच्या ब्लॉकचं. आतलं द्रावण न ढवळता अर्धा-एक अंश मागे राहू शकतं, वर उघडं तोंड असेल तर आणखी. एन्झाइमचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट धरला तर एका अंशाला सुमारे ७ टक्के होतात, म्हणजे तुमचा पूर्ण फरक एवढ्यातच बसतो. बारीक थर्मोकपल टोक बीमच्या जरा वर धरून, ढवळत, आतलं तापमान मोजा आणि ब्लॉकची सेटिंग त्यानुसार वाढवा. फ्रिजमधून काढलेलं बफर क्युव्हेटमध्ये ढवळत ८-१० मिनिटं थांबवा. बर्फावरचं २० मायक्रोलिटर एन्झाइम १.५ मिलीत टाकलं की तापमान अर्ध्या अंशाने खाली येतं. त्यापेक्षा १० मायक्रोलिटर दुप्पट तीव्रतेचं टाका.

एन्झाइमचं स्टॉक ग्लिसरॉलमध्ये असेल तर ते जड असतं, थेंब सरळ तळाशी जाऊन बसतो. पृष्ठभागावर टिचकी मारल्यासारखं टाकू नका. लांब बारीक टिप बीडच्या वर, पण बीमच्या बाहेर कोपऱ्यात नेऊन सोडा आणि ती त्याच द्रावणाने दोनदा खेचून-सोडून धुवा. टिपच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेलं ग्लिसरॉल मायक्रोलिटरभर असू शकतं, ते आधी पुसा.

अल्कलाइन फॉस्फटेजची खास गोष्ट: त्याला झिंक आणि मॅग्नेशियम लागतं, आणि फॉस्फेट त्याला अडवतं. क्युव्हेट किंवा बीड ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) असलेल्या द्रावणाने धुतली असेल, किंवा फॉस्फेटवाल्या डिटर्जंटने, तर जे काही उरतं ते थेट उतारात दिसतं. धुताना शेवटी डीएम वॉटरचे (क्षार काढलेल्या पाण्याचे) पाच-सहा हात आणि मग बफरचा एक हात द्या.

कॅलिब्रेशन_खातं

तरंग_५४६ यांनी दिलेली फरकांची यादी फार उपयोगी आहे, त्यात थोडी भर.

बरेच जण विचारतात की हे द्रावण बनवत बसण्यापेक्षा सीलबंद संदर्भ क्युव्हेटचा संच का घेऊ नये? घ्यावा. परक्लोरिक आम्लातलं डायक्रोमेट आणि त्याचा ब्लँक, होल्मियम, स्ट्रे लाइटची द्रावणं, सगळं तापवून बंद केलेल्या क्वार्ट्झमध्ये मिळतं. प्रमाणपत्रावर उत्पादक आयएसओ १७०३४ खाली मान्यताप्राप्त आहे का, मूल्यांची अनिश्चितता किती, आणि मूल्यं कुठल्या बँडविड्थला (नमुन्यावर पडणाऱ्या तरंगलांबीच्या पट्ट्याच्या रुंदीला) दिली आहेत हे बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या भारतीय निर्देशक द्रव्यांशी किंवा अमेरिकेच्या निस्टच्या प्रमाणित द्रव्यांशी शृंखला जुळायला हवी. निस्टचं ९३५ए हे डायक्रोमेटचं स्फटिकरूप प्रमाणित द्रव्य आहे आणि २०३४ हे होल्मियमचं सीलबंद द्रावण. पुनर्प्रमाणनाची तारीख चुकवू नका. क्युव्हेट बंद आहे म्हणून ती कायम टिकते असं नाही.

पण इथला प्रश्न नीट वाचा: सीलबंद संचाने हा दोष पकडलाच नसता. सीलबंद क्युव्हेटमध्ये बीड नसते, तुमची क्युव्हेट नसते, तुमचा ब्लँक नसतो. मशीन पास झालं असतं आणि फुलीची बीड तशीच बीममध्ये फिरत राहिली असती. म्हणून दोन पातळ्या ठेवा. मशीनसाठी सीलबंद संच, ठरलेल्या मुदतीला. आणि मापनाच्या पूर्ण मांडणीसाठी, म्हणजे तीच क्युव्हेट, तीच बीड, तोच होल्डर, तेच तापमान, स्टरर चालू ठेवून, ज्ञात तीव्रतेचं पॅरा-नायट्रोफिनॉल त्याच बफरमध्ये, चार-पाच तीव्रतांना. स्टरर चालू आणि बंद यांतला फरक ०.००२ च्या आत यावा असा निकष एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) लिहा. ही तपासणी कुठलीही फार्माकोपिया (औषधांच्या मानकांचा ग्रंथ) मागत नाही, पण तुमचा उतार त्यावरच उभा आहे.

क्युव्हेटची तपासणीही लिहून ठेवा: डीएम वॉटर भरून २४० ला रीडिंग, मग १८० अंश फिरवून पुन्हा. फरक ०.००५ पेक्षा जास्त आला तर धुवा, धुऊनही आला तर ती क्युव्हेट परिमाणात्मक कामातून काढा. बाणाची किंवा अक्षरांची खूण नेहमी एकाच बाजूला ठेवा.

होल्मियमबद्दल एक चूक वारंवार होते. होल्मियमची काच आणि परक्लोरिक आम्लातलं होल्मियमचं द्रावण यांची शिखरं एक नाहीत. द्रावणाचं ४१६ च्या थोडं पुढे येतं, काचेचं ४१८ च्या पुढे. काचेचा फिल्टर लावून द्रावणाच्या तक्त्याशी ताडलं की मशीन दोन नॅनोमीटरने चुकलेलं दिसतं, आणि ते बरोबर असलेलं मशीन कोणीतरी बिघडवून ठेवतो. द्रावणाची नेहमीची शिखरं २४१.१, २८७.२, ३६१.३, ५३६.६. ४५१ जवळचं शिखर जोडशिखर असल्यामुळे बँडविड्थ बदलली की जागा बदलतं, त्यावर निर्णय घेऊ नका. ज्यांच्याकडे ड्युटेरियम दिवा आहे त्यांनी ४८६.० आणि ६५६.१ ची रेषा बघावी, ती फुकट मिळते.

दिवा_फ्लोरो

हीच बीड फ्लोरिमीटरमध्ये (द्रावणाची चमक मोजणाऱ्या यंत्रात) चालेल का? तिथे झेड १५ आहे. र्‍होडामिन आणि काही हायड्रोफोबिक (पाण्यापासून दूर राहणारे) चमकणारे रंग वापरतो, धुतल्यावरही ब्लँकमध्ये थोडी चमक राहते.

मापक

झेड १५ ला उंचीची अडचण नाही. चमक राहते ती टेफ्लॉनमुळे. टेफ्लॉन काही शोषत नाही अशी समजूत आहे, पण हायड्रोफोबिक रंग त्याच्या पृष्ठभागात मुरतात आणि पुढच्या नमुन्यात हळूहळू सुटतात. र्‍होडामिनसाठी वेगळी बीड ठेवा आणि डबीवर लिहा. काच चढवलेली बीड मिळाली तर उत्तम, पण ती उंचावरून टाकू नका, तडा गेला की आतलं चुंबक उघडं पडतं. टेफ्लॉनची धुवायची तर रात्रभर इथेनॉलमध्ये, मग २ टक्के क्युव्हेट-डिटर्जंट, मग भरपूर पाणी. क्युव्हेट अल्ट्रासॉनिक बाथमध्ये टाकू नका, बीड चालेल.

जुन्या बीडची चाचणी प्रत्येकाने करावी: १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवा, सकाळी त्यात अमोनियम थायोसायनेटचे थेंब टाका. लाल झालं की टेफ्लॉनला सूक्ष्म छिद्र पडलं आहे आणि लोह बाहेर येतंय. ती बीड फेका. असं लोह फ्लोरेसन्स विझवतं आणि लोहाच्या कुठल्याही रंगमापनात चुकीचं जास्त रीडिंग देतं. बीड एकमेकींना चिकटवून साठवल्या तर ॲल्निकोच्या बीडची चुंबकशक्ती कालांतराने कमी होते. समेरियम-कोबाल्टच्या जास्त टिकतात.

फ्लोरिमीटरची रोजची तपासणी शुद्ध पाण्याच्या रामन शिखराने (पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाच्या शिखराने) करा: ३५० ला उत्तेजन, शिखर ३९७ च्या आसपास. त्याची उंची रोज वहीत लिहा, दिवा म्हातारा होतोय ते आकड्यांत दिसतं. उत्सर्जनाच्या आलेखासाठी क्विनिन सल्फेट ०.१ मोलर परक्लोरिक किंवा सौम्य सल्फ्युरिक आम्लात, ॲब्सॉर्बन्स ०.०५ च्या खाली. हायड्रोक्लोरिक आम्लात कधीच नाही, क्लोराइड क्विनिनची चमक विझवतं.

रसायनी

सगळ्यांचे मनापासून आभार. २ बाय ७ ची बीड, १.५ मिली, ५५० आरपीएम. लाट गेली. पॅरा-नायट्रोफिनॉलच्या चाचणीत सपाट व्हायला ४ सेकंद लागतात, ७०० ला केलं तरी ४ च. आतलं तापमान ब्लॉकपेक्षा ०.७ ने कमी निघालं, सेटिंग ३७.७ केली. सहा रनचा फरक आता २ टक्क्यांच्या आत आहे.

शेवटचं एक विचारायचं होतं. डायक्रोमेटचं जवळजवळ पाच लिटर द्रावण साचलंय. ते कसं टाकायचं?

कॅलिब्रेशन_खातं

सिंकमध्ये नाही, कितीही पातळ केलं तरी नाही. डायक्रोमेटमधलं क्रोमियम सहा कॅन्सरकारक आहे. हातमोजे, चष्मा, फ्यूम हूड. द्रावण आम्लयुक्त आहेच, पीएच २ ते ३ च्या मध्ये आहे याची खात्री करा. त्यात फेरस सल्फेट ढवळत घाला, पिवळा रंग पूर्ण जाईपर्यंत आणि त्यानंतर थोडं जास्तीचं. ५ लिटरात सुमारे ३०० मिग्रॅ डायक्रोमेट, म्हणजे एक मिलिमोल. त्याला सहा मिलिमोल फेरस लागतं. सप्तजल फेरस सल्फेट १.७ ग्रॅम होतं, २.५ घाला. अर्धा तास थांबून पीएच ८.५ पर्यंत सोडियम हायड्रॉक्साइडने न्या. क्रोमियम आणि लोहाचे हायड्रॉक्साइड गाळ होऊन बसतात. वरचं पाणी डायफिनाइल कार्बाझाइडने तपासा. जांभळं झालं तर क्षपण अपुरं राहिलंय, आम्ल करून पुन्हा करा. गाळ वाळवून, नाव-तारीख लिहून, धोकादायक कचऱ्याच्या डब्यात टाका आणि अधिकृत संस्थेकडे सोपवा. परक्लोरिक आम्लातलं डायक्रोमेट मात्र या पद्धतीत मिसळू नका, ते वेगळं साठवून वेगळं सोपवा.

आणि पुढच्या वेळी १ लिटर बनवायचं कारण नाही असं वाटून १०० मिलीला ६ मिग्रॅ वजन करू नका. ०.१ मिग्रॅच्या तराजूवर ६ मिग्रॅला दीड टक्क्याहून जास्त चूक येते. त्यापेक्षा ६० मिग्रॅ तोलून १०० मिली स्टॉक करा, त्यातले १० मिली क्लास ए पिपेटने घेऊन १०० मिली करा. उरलेलं स्टॉक ४३० नॅनोमीटरच्या तपासणीसाठी तसंच वापरता येतं, तिथे ६०० मिग्रॅ प्रति लिटरच लागतं.